चष्म्याची डावी काडी

कुमुदमावशी गेल्याची बातमी मला मिळाली ती तिच्या एका फोटोसकट, आणि खरं सांगायचं तर बातमी वाचायच्या आधी माझं लक्ष फोटोतल्या चष्म्याकडे गेलं. मंदारने, म्हणजे तिच्या मुलाने, सकाळी सगळ्या नातेवाइकांना एकच संदेश पाठवला होता. वर फोटो, खाली दोन ओळी. फोटोत मावशी हसत नव्हती, ती फोटोत कधीच हसत नसे; समोर चहाचा कप, मागे हॉटेलातल्या दिव्यांच्या गोल गोल पुसट चकत्या, आणि नाकावरच्या चष्म्याला डावी काडी नव्हती. काच होती, फ्रेम होती, उजवी काडी कानामागे गेलेली होती. डावीकडे मात्र फ्रेमच्या कडेपासून कानापर्यंत नुसती गुळगुळीत हवा. मी काडी शोधत राहिले आणि मग खालच्या दोन ओळींवर नजर गेली... पहाटे, झोपेतच, हृदय बंद पडून. त्याखाली बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. काडीबद्दल कोणीही विचारलं नाही.

तो फोटो काढला तेव्हा मी त्याच टेबलाशी बसले होते. मावशीचा वाढदिवस होता आणि मंदारने आम्हा दोघींना कर्वे रस्त्यावरच्या एका हॉटेलात नेलं होतं, जिथल्या चहाला मावशीने ‘रंगीत कोमट पाणी’ असं नाव दिलं. मंदार हिंजवडीला नोकरीला आहे, आईवर त्याचा फार जीव, आणि आईला खूश करण्याचे त्याचे सगळे मार्ग चुकीचे. त्याने नवा फोन तिच्यासमोर धरला, फोटो काढला आणि कौतुकाने तिला दाखवला. “बघ आई, मागचं कसं मस्त ब्लर झालंय. तुझ्या त्या किलोभर लेन्सची आता गरजच नाही.” मावशीने फोन घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “अरे, मागचं पुसता पुसता तुझ्या फोनने माझी काडी खाल्ली,” ती म्हणाली. “आता चष्मा नाकावर निव्वळ श्रद्धेने टिकलाय. आणि हे बघ, कपाच्या कानातून मागची भिंत लख्ख दिसतेय. बाकीची भिंत पुसट, आणि कानातली तेवढी स्पष्ट. तिने काय वशिला लावला होता?” मंदार हसला. “पुसून टाक तो,” ती म्हणाली. तो ‘हो’ म्हणाला. मुलं हो म्हणतात आणि आईचे फोटो पुसत नाहीत... त्याला मी दोष देत नाही. पण तिचा जो फोटो तिने स्वतः नापास केला होता, तोच तिच्या मरणाबरोबर शहरभर फिरला, हे मला अजूनही पचवता येत नाही.

ज्यांनी तिला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कुमुदमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तिने आयुष्यभर एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातही प्रकाश आणि भिंगं हा तिचा प्रांत. दिसायला लहानखुरी, आवाज कोरडा, आणि समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याआधी त्यातली चूक शोधून ठेवायची सवय. ती प्रेमळ होती असं आता बरेच जण म्हणतात. ती प्रेमळ नव्हती. माझ्या आईच्या हातच्या पुरणपोळीला ती ‘भरलेली चपाती’ म्हणाली होती आणि आई दोन दिवाळ्या तिच्याशी बोलली नव्हती. माझ्या लग्नाचा अल्बम तिने एका बैठकीत संपवला आणि एवढंच म्हणाली, “मांडवाच्या दिव्यांच्या मागे तू बरी दिसतेस.” मला ते पुढे कितीतरी वर्षांनी कळलं, की ती चेष्टा नव्हती. ती खरोखर दिवेच बघत होती.

कॅमेऱ्याचं भिंग चांगलं की वाईट हे लोक फोटोतल्या स्पष्ट भागावरून ठरवतात. पापण्या मोजता येतात का, पाटीवरची बारीक अक्षरं वाचता येतात का. मावशीला हा शुद्ध अडाणीपणा वाटे. “अगं वसू, लक्ष देऊन केलेलं काम कोणाचंही बरं होतं,” ती म्हणायची. “जिथे भिंगाचं लक्ष नाही तिथे बघ. तिथे ते सोंग आणू शकत नाही.” म्हणून तिच्या एरंडवण्यातल्या घराच्या गॅलरीत एक काळा पुठ्ठा ठोकलेला होता आणि त्याच्या मधोमध सायकलच्या बेअरिंगमधला एक छर्रा चिकटवलेला. दुपारी ऊन गॅलरीत आलं की त्या छर्ऱ्यावर सूर्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चमकायचा. कोणतंही भिंग हाती आलं की मावशी ते कॅमेऱ्याला लावायची, फोकस मुद्दाम जवळ कुठेतरी रोखायची, आणि त्या ठिपक्याची मागे फुगून झालेली पुसट चकती टिपायची. ती एक चकती म्हणजे त्या भिंगाची सगळी कुंडली. चकतीची कडा उजळ आणि मध्य फिका असेल तर त्या भिंगातून मागचं गवत, तारा, फांद्या सगळं दुहेरी आणि चिडचिडं दिसणार. चकतीत कांदा आडवा चिरल्यासारखी वलयं असतील तर काच घासून नव्हे, साच्यात दाबून घडवलेली. गोल नसून कोनाकोनांची असेल तर कोन मोजावेत, आतल्या झडपेला तेवढी पाती. चौकटीच्या कोपऱ्यात नेल्यावर ती लिंबाच्या फोडीसारखी निमुळती झाली तर नळीची कड प्रकाशाला आडवी येतेय. कडेला हिरवी-जांभळी किनार, आत अडकलेला धुळीचा कण, बुरशीचा कोळिष्टकासारखा तंतू... सगळं त्या चकतीत. तीच वस्तू नीट रोखून काढलेल्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही. सगळी भिंगं तिथे सारखीच शहाणी.

तिची चूक होत नसे असं नाही. एकदा माझ्या शेजाऱ्यांच्या मुलीची लेन्स तिने बुरशी लागलेली म्हणून निकालात काढली. मुलगी रडवेली झाली. मी ती लेन्स उजेडाकडे धरली, तर मागच्या काचेवर खोबरेल तेलाचा एक ठसठशीत अंगठा उमटलेला होता, आणि सकाळपासून तेलाची वाटी घेऊन फिरत होती ती मावशीच. तिने पदराने काच पुसली, मुलीच्या हातात दिली आणि म्हणाली, “बघ, बरी केली.”

नारायण पेठेत हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ आहे. निवृत्तीनंतर मावशी दर रविवारी तिथे जायची. ते लोक तिला ‘मॅडम’ म्हणत, पुढची खुर्ची देत, आणि तिचं काहीही ऐकत नसत. ज्यांच्या गळ्यात सर्वांत जड लेन्स त्यांचा तिथे सर्वांत मोठा मान. मागचं पुसट झालं की त्यांचे शब्द ठरलेले: मखमली, लोण्यासारखं, स्वप्नील. मावशी म्हणायची, यांना फोटो काढायचाय की शिरा करायचाय? मी एकदा तिला विचारलं, मग जातेस कशाला? ती म्हणाली, “घरी बसून एकटीने नाकं मुरडण्यात मजा नाही गं. समोर माणसं लागतात.” मी तेव्हा हसले होते. आता वाटतं, ते अर्धंच उत्तर होतं. शिकवण्याची सवय सुटलेली नव्हती तिची. त्या खोलीतल्या एका तरी माणसाला ती चकती वाचता यावी, एवढी तिची मागणी होती. ती मागणी तिने कधी तोंडाने केली नाही, कारण मागणं तिला जमत नसे. टोमणे जमत.

या मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा परदेशातून मागवलेली लेन्स तिला तपासायला दिली. छर्ऱ्याची चकती आली ती एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ, वाटीत कलंडलेल्या दह्यासारखी. मावशीने त्यांना घरी बोलावलं. मी तेव्हा तिथे होते, चहा मीच केला होता.

“ही कोणी उघडली होती?” मावशीने विचारलं.

“छे हो मॅडम, नवी कोरी आहे. मीच खोक्यातून काढलीय.”

“आतलं एक भिंग सरकलंय.”

“अहो, पण फोटो बघा ना किती शार्प येतात!”

“तुम्ही मधलाच भाग बघता म्हणून. आपण कडेलाही बघावं कधीतरी, फुकट असतं.”

अध्यक्ष चहा अर्धा टाकून गेले. धुळीचा एक कण काढायला त्यांनी स्वतःच ती लेन्स घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडली होती, हे पुढे मंडळातल्याच कोणीतरी सांगितलं. मावशीला त्याचा आनंद झाला का? झाला. एक आठवडाभर ती अगदी गोड वागत होती.

पण माझ्या मनात तिची जी मूर्ती राहिली आहे ती कॅमेऱ्यामागची नाही. तिच्या गॅलरीतून म्हात्रे पुलावरचे दिवे दिसतात. संध्याकाळी दिवे लागले की ती खुर्ची ओढून बसायची आणि चष्मा काढून मांडीवर ठेवायची. आमच्या घराण्यात सगळ्यांनाच लांबचं दिसत नाही. चष्मा काढला की पुलावरचा प्रत्येक दिवा फुगून वाटोळी चकती होतो. मी विशीत असताना एकदा तिने मला शेजारी बसवलं. “एक डोळा मीट. आता एकच दिवा धर आणि त्याच्या चकतीत बघ. काय दिसतं?” मी म्हटलं, काही नाही, धुरकट आहे. “नीट बघ. ती चकती दिव्याची नाही, तुझ्या डोळ्यातल्या भिंगाची आहे.” आणि मग दिसलं... मधून फुटणाऱ्या पुसट रेषा, पापणी मिटली की वरून खाली सरकणारा पाण्याचा पडदा, आणि डाव्या कडेला केसासारखा एक वाकडा धागा. प्रत्येक दिव्यात तोच, त्याच जागी. “तो तुझा,” मावशी म्हणाली. “जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. आता उगाच मिरवू नकोस.” एवढ्या मायेने ती माझ्याशी आधी कधी बोलली नव्हती, नंतरही नाही.

त्यामुळे मोतीबिंदूची बातमी डॉक्टरांनी तिला दिली नाही, तिने डॉक्टरांना दिली. डाव्या डोळ्याच्या चकतीत तिला खालून एक सावली चढताना दिसत होती. मी तिला घेऊन गेले होते. तरुण डॉक्टर यंत्रातून बघत म्हणाले, “आजी, मोतीबिंदू आहे बरं का.” मावशी म्हणाली, “मी आपली आजी नाही. आणि तो खालून सुरू झालाय, माझ्या उजवीकडे, म्हणजे तुमच्या डावीकडे. बघून घ्या.” डॉक्टरांनी पुन्हा यंत्राला डोळा लावला. मग त्यांनी एका खास कृत्रिम भिंगाची शिफारस केली, ज्याने लांबचं-जवळचं दोन्ही चष्म्याशिवाय दिसतं.

“त्यातून रस्त्यावरचा दिवा कसा दिसेल?”

“दिव्याभोवती थोडी वलयं दिसतात. पण होते सवय.”

“वलयं मूर्तीच्या डोक्यामागे शोभतात. मला साधं बसवा.”

साधं बसवलं. पट्टी निघाल्यावर तिला पुलावरचे दिवे चष्म्याशिवायच स्पष्ट ठिपक्यांसारखे दिसू लागले आणि दुसरा कोणीही हरखून गेला असता. मावशीने घरातला वाचायचा चष्मा शोधून काढला, तो लावून गॅलरीत बसली, म्हणजे दिवे पुन्हा पुसट होतील. उजवा डोळा हाताने झाकून ती बराच वेळ बघत राहिली. “कसं आहे?” मी विचारलं. “स्वच्छ. वाटोळं. कडेपासून कडेपर्यंत काही नाही.” मग चांगलंच की, असं मी म्हटलं. “हो, चांगलं आहे,” ती म्हणाली. “कोणी राहत नसलेल्या घरासारखं.” तिच्या तोंडून तक्रार नसलेलं, टोमणा नसलेलं असं वाक्य मी क्वचितच ऐकलं होतं. दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया ती पुढे ढकलत राहिली. कारणं बरीच सांगायची. खरं कारण मला माहीत होतं. तो डोळा तिचा स्वतःचा घेऊनच ती गेली.

तेराव्यानंतरच्या रविवारी मंडळाने शोकसभा ठेवली. व्यासपीठावर तोच फोटो, माणसाच्या उंचीचा करून, सोनेरी चौकटीत, भोवती बारीक दिव्यांची माळ सोडलेली. एवढा मोठा केल्यावर सगळंच दिसत होतं: नसलेली काडी, कानावर अर्धवट कापलेले केस, कपाच्या कानातली ती वशिल्याची भिंत, आणि मागच्या चकत्या चौकटीच्या पार कोपऱ्यापर्यंत अगदी सारख्या, एका छापातून पाडल्यासारख्या गोल. खोलीभर माणसं होती. सगळी तिच्यासमोर वर्षानुवर्षं बसलेली. मी मनाशी म्हटलं, कोणीतरी बघेल. एवढ्यांतल्या एकाला तरी खटकेल. सभा संपेपर्यंत एकाला खटकलं तर मावशीचे ते सगळे रविवार कारणी लागले, असं मी ठरवून टाकलं आणि एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत बसले. ते फोटोकडे बघत होते, मान हलवत होते, आणि त्यांना काहीही दिसत नव्हतं.

मग अध्यक्ष उठले. बाईंचा करारीपणा, बाईंचं मार्गदर्शन, बाईंची त्यांच्यावरची माया... हे सगळं झाल्यावर ते फोटोकडे वळले. “आता हा फोटोच पहा. मागचं ब्लर पहा! किती मखमली, किती स्वप्नील! ही बाईंची ती जुनी लाडकी लेन्स, मी एका नजरेत ओळखली. अशी लेन्स आता होत नाही.” खोलीत हुंकार उमटला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डोळे मिटून ‘वा’ म्हटलं.

शेजारी मंदार चुळबुळत उठायला लागला. “ताई, तो तर माझ्या फोनवर...”

“माहीत आहे.”

“सांगू का त्यांना?”

“बस खाली.”

नातेवाइकांतर्फे दोन शब्द बोलायला माझं नाव पुकारलं. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं आहे. चार माणसांसमोर बोलायची मला सवय नाही. मी लिहून नेलेला कागद पर्समध्येच राहू दिला. ध्वनिक्षेपकाजवळ गेले आणि म्हटलं, “फोटोतल्या चष्म्याला डावी काडी नाही. ती कुठे गेली असेल, ते आपण सगळ्यांनी कृपया शोधावं. मावशीने हेच सांगितलं असतं.” आणि जागेवर येऊन बसले.

अध्यक्षांनी रुमाल काढला. “वसुधाताई भावनाविवश झाल्या आहेत,” ते म्हणाले, “आपण सगळेच आहोत.” आणि त्यांनी जाहीर केलं की हा फोटो मंडळाच्या सभागृहात कायमचा लावण्यात येईल.

मी चष्मा काढला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. काढल्याबरोबर अध्यक्ष विरघळले, खोली विरघळली, सोनेरी चौकट आणि तिच्यातली ती खोटी मावशी विरघळली, आणि माळेतला प्रत्येक दिवा फुगून चकती झाला. प्रत्येक चकतीत डाव्या कडेला माझा तो वाकडा धागा. कोपऱ्यातल्या दिव्यांत, मधल्या दिव्यांत, सगळीकडे. मला हसू आलं, आवरेना. तोंडावर पदर धरला. शेजारच्या बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “रडून घ्या, मोकळं वाटेल.”

मंदार पुढच्या आठवड्यात खरंच मंडळात गेला. मला न विचारता गेला. फोटो फोनवर काढलाय, आईला तो आवडला नव्हता, उतरवून द्या, असं त्याने अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, “असू दे रे, छान आलाय.” हे सांगताना मंदारचा चेहरा असा झाला होता, की त्या क्षणी तो पहिल्यांदाच थेट त्याच्या आईसारखा दिसला. “ताई, त्यांना फरकच पडत नाही गं,” तो म्हणाला. मी म्हटलं, “आता कळलं तुला, ती रविवारी घरी आल्यावर एवढी का बोलायची ते.”

फोटो अजून तिथेच आहे. लोक त्याला हार घालतात. मी तिकडे जात नाही.

मावशीच्या घरी मात्र जाते. घर आवरायचं काम मंदारने माझ्यावर सोपवलं आहे आणि मी ते मुद्दाम लांबवते आहे. भिंगं कपाटात आहेत, पुठ्ठ्यावरचा छर्रा गॅलरीत आहे, कोणी तपासायला येत नसलं तरी दुपारी त्याच्यावर ऊन येतं आणि ठिपका चमकतो. संध्याकाळी पुलावरचे दिवे लागले की मी तिच्या खुर्चीत बसते आणि चष्मा काढून मांडीवर ठेवते. दिव्यांत मावशी दिसते असं मी लिहिणार नाही, तिने मला घराबाहेर काढलं असतं. दिव्यांत माझंच भिंग दिसतं, आणि हल्ली, डाव्या डोळ्याने बघितलं की, खालून एक फिकट सावली... अजून अगदी फिकट. कोणाला सांगितलेली नाही. डॉक्टरांना सांगेन, सवडीने.

थोड्या वेळाने मी चष्मा पुन्हा चढवते. आधी उजवी काडी, मग डावी. डावी कानामागे नीट बसली आहे ना, ते बोटाने चाचपून बघते, आणि मगच उठते.